उशाशेजारचें मेज

रुग्णालयांत खाटेचा विचार पुष्कळ होतो. औषधांचा व उपकरणांचा त्याहूनही अधिक होतो. खाटेच्या उशाशीं उभें असणारें लहानसें मेज मात्र सहसा कोणाच्या विचारांत येत नाहीं. जितक्या खाटा आल्या तितकीं मेजें आलीं, एवढाच त्याचा हिशेब! परंतु अंथरुणास खिळलेल्या मनुष्याची सारी सत्ता त्या दीड फूट चौरसावरच चालत असते. पाण्याचा पेला, चष्मा, दांतांची कवळी, औषधाच्या गोळ्या, मोबाइल फोन या वस्तु त्याला आपल्या हातानें घेतां आल्या तर तो थोडा तरी स्वतंत्र आहे. न आल्या तर घोटभर पाण्यासाठींही हांक मारणें आलें. आणि आपल्याकडील वडीलधारीं माणसें, विशेषतः स्त्रिया, रात्रीं कोणाची झोंप मोडण्यापेक्षां तहानलेलें राहणें पत्करतात, नाहीं तर स्वतःच वांकून हात लांबवितात. रुग्णालयांत रोगी खाटेवरून पडतात, त्याच्या कारणांत ‘हवी ती वस्तु हाताच्या टप्प्यांत नसणें’ हें एक सर्वमान्य कारण आहे. म्हातारपणीं मांडीचें हाड मोडलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

सर्रास दिसणारें मेज म्हणजे पत्र्याची एक उभी पेटी. सुमारें १६ इंच लांब-रुंद, ३२ इंच उंच. वर एक खण, खालीं दाराचें कपाट. उभ्या माणसाला ती सोयीची आहे यांत शंका नाहीं. पण तिचा खण व दार खाटेच्या पायथ्याकडे तोंड करून उघडतात. निजलेल्या रोग्यास आंतलें कांहींच दिसत नाहीं. शिवाय मेजाचा माथा गादीच्या चार ते आठ इंच वर राहतो. उताण्या निजलेल्या माणसाचा हात तेथवर पोंचला तरी पेला त्याच्या हातीं बुडाकडून लागतो, आणि मग पाणी उशीवर!

फिनलंड देशांत पायमियो येथें १९३३ सालीं क्षयरोग्यांसाठीं एक आरोग्यधाम पुरें झालें. त्याचा शिल्पकार आल्वार आल्तो. त्याचें म्हणणें असें कीं, नेहमींची खोली उभ्या माणसासाठीं बांधलेली असते, रोग्याची खोली आडव्या माणसासाठीं बांधली पाहिजे. म्हणून त्यानें छताला डोळ्यांस शांत वाटेल असा रंग दिला व शेजारच्या रोग्याची झोंप मोडूं नये म्हणून पाण्याचा आवाज न होणारें हात धुण्याचें भांडें घडविलें. त्याच्याही फार आधीं, १८५९ सालीं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत दोन बारीक सूचना केल्या होत्या. रोग्याच्या पेल्याचें बूड कोरडें असावें. आणि न खाल्लेलें अन्न ‘मग खाईल’ म्हणून त्याच्या उशाशीं ठेवूं नये, कारण तें पाहून उरलीसुरली भूकही मरते. दोन्ही गोष्टी मेजावरच्याच आहेत.

आतां आपल्याकडे पाहूं. जालना जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतून शहराच्या रुग्णालयांत रोगी येतो तो एकटा येत नाहीं. सोबत घरचें एक माणूस, कपड्यांची पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली. मेज एकाचें आणि संसार दोघांचा! तेव्हां वरचा माथा रोग्याचा व खालचें कपाट सोबत्याचें अशी वांटणी मेज करतांनाच केलेली बरी. जालन्याच्या गणपती नेत्रालयासारख्या संस्थेंत मोतीबिंदूसाठीं खेड्यापाड्यांतून लोक येतात. एक डोळा झांकलेला असला कीं अंतराचा अंदाज चुकतो. पेला कडेवर ठेवला जातो आणि खालीं येतो. माथ्याला बोटभर उंचीचा कांठ असला तर हें टळतें, आणि कांठाचा रंग माथ्याहून गडद असला तर अधू दृष्टीसही तो दिसतो.

मग मेज असावें तरी कसें? माथा गादीच्या बरोबरीस, फार तर दोन इंच वर. खण आरपार असावा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनीं ओढतां येतो व सलाइनच्या खांबामुळें मेज दुसरीकडे न्यावें लागलें तरी अडत नाहीं. कोपरे गोल. चाकें हवींत, पण त्यांना अडकण हवीच. टेंकलेल्या हाताखालून सरकणारें मेज नसलेलेंच बरें. खालीं सहा इंच मोकळी जागा असावी, म्हणजे फडकें फिरतें. सांधे व खांचा जितक्या कमी तितकी स्वच्छता सोपी. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या नियमांत हात स्वच्छ करण्याचे जे पांच प्रसंग सांगितले, त्यांत रोग्याच्या भोंवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतरचा एक आहे; मेज त्याच वस्तूंपैकीं. लघवीचें भांडें मात्र त्यावर कदापि ठेवूं नये. त्यासाठीं खाटेला निराळी कडी असावी. खरकट्याचा एवढा विचार करणाऱ्या आपल्या घरांतूनही आजारपणांत हा नियम मोडलेला दिसतो, याचें आश्चर्य वाटतें.

जालना हें सळयांच्या कारखान्यांचें शहर आहे. सळई वांकविणारे व जोडणारे कारागीर तेथें दुर्मिळ नाहींत. असें मेज परदेशाहून आणावयास नको.

घरच्या आजाऱ्यासाठीं तर तेंही नको. तिवई कलंडते, चौरंग ठेंगणा पडतो, लिहिण्याचें टेबल उंच होतें. माळ्यावर जुनी घडवंची पडली असेल तर ती उतरवावी, पाय खाटेच्या मापानें कापावे, वर धुतां येईल अशी फळी ठोकून कडेनें पट्टी मारावी. जो हात चालतो त्या बाजूस ती मांडावी. चष्म्याची जागा एकदां ठरली कीं बदलूं नये, आणि बोलावण्याची घंटा अंधारांतही चांचपून सांपडेल अशी दोरीनें बांधावी. सुतार माप घेतो तें उभा राहून. त्याला आधीं खाटेवर उताणें निजवावें, एक हात पांघरुणाखालीं ठेवावयास सांगावें, आणि दुसऱ्या हातानें मान न उचलतां पेला घ्यावयास लावावा. तो हंसेल; हंसूं द्यावें. मग फूटपट्टी त्याच्या हातीं द्यावी.