दिग्व्रताच्या नकाशावर आफ्रिका

घरातील एखादा तरुण आफ्रिका खंड ट्रकने ओलांडण्याची आणि वाटेत तंबूत राहण्याची इच्छा बोलून दाखवतो, तेव्हा जैन कुटुंबात पहिला प्रश्न खर्चाचा निघत नाही, सिंहांचाही निघत नाही. आजी विचारते, “तिथे चौविहार कसा सांभाळणार?” आई विचारते, “एकाच चुलीवर सगळ्यांचे रांधणार, मग आपले काय?” आणि व्यवहार पाहिलेले आजोबा थोडा वेळ गप्प राहून विचारतात, “जाण्याची हद्द किती ठरवली आहेस?”

या तिन्ही प्रश्नांत आजोबांचा प्रश्न सर्वांत जुना आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत नेमके हेच विचारते. पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर, वर डोंगरावर आणि खाली दरी-खाणीत, प्रत्येक दिशेला किती जायचे याची मर्यादा गृहस्थाने आधी ठरवावी, असे हे व्रत सांगते. व्यापारासाठी देशोदेशी फिरणाऱ्या समाजात या व्रताला मोठा अर्थ होता. लोभाला दिशा नसते, म्हणून पावलांना ती द्यायची. एका दिशेची मर्यादा घटवून दुसऱ्या दिशेची वाढवणे, ठरवलेली हद्द विसरणे, हे या व्रताचे अतिचार मानले आहेत. आफ्रिकेच्या खुष्कीच्या प्रवासाला निघणाऱ्याने नकाशा उलगडण्यापूर्वी एवढे समजून घेतले, तर पुढची बरीच वाट सोपी होते.

केप टाउन ते नैरोबी

आफ्रिका मोटारीने ओलांडण्याची हौस नवी नाही. १९२४ साली मेजर कोर्ट ट्रीट आणि त्यांची पत्नी स्टेला यांची तुकडी दोन क्रॉसली मोटारी घेऊन केप टाउनहून निघाली आणि १९२६ च्या जानेवारीत कैरोला पोहोचली. रस्ते नव्हते, पूल नव्हते. त्या प्रवासाला सुमारे सोळा महिने लागले. पुढे १९६०-७० च्या दशकांत लंडनहून सहारा ओलांडून नैरोबी किंवा जोहान्सबर्ग गाठणारे प्रवासी ट्रक धावू लागले. १९९० च्या दशकात अल्जीरिया आणि झाईर येथील यादवीने ती वाट जवळजवळ बंद पाडली. तेव्हापासून केप टाउन आणि नैरोबी यांच्यामधला पट्टा हाच या प्रवासाचा मुख्य मार्ग झाला आहे.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, टांझानिया आणि केनिया असा हा क्रम. वळणे-वळसे धरून साधारण दहा हजार किलोमीटर आणि सुमारे दोन महिने. ज्यांना एवढा वेळ नाही, ते व्हिक्टोरिया धबधब्यापाशी प्रवास अर्धा करतात. वीस-पंचवीस प्रवाशांचा उंच ट्रक, त्याच्या बाजूला उघडणारे स्वयंपाकघर, पोटात पाण्याच्या टाक्या, मागे तंबू आणि घडीच्या खुर्च्या, असा सगळा संसार असतो. तंबू ज्याचा त्याने उभारायचा, भांडी पाळीपाळीने घासायची. पुसायला फडके न वापरता ताटल्या हवेत हलवून वाळवायच्या, ही या ट्रकांची जुनी रीत.

निघायचे कधी?

येथे जैन कुटुंबाला खरा पेच पडतो. दक्षिण आफ्रिका खंडातील कोरडा आणि प्राणी पाहण्यास उत्तम हंगाम म्हणजे जून ते ऑक्टोबर. केनिया-टांझानियाच्या सीमेवर मारा नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टच्या झुंडी दिसतात त्या बहुधा जुलै ते सप्टेंबरमध्ये. नेमका हाच काळ चातुर्मासाचा आणि पर्युषणाचा. ज्या महिन्यांत साधू-साध्वी एका जागी स्थिर होतात आणि श्रावकही प्रवास आवरतात, त्याच महिन्यांत आफ्रिकेची दारे सर्वांत मोठी उघडतात.

यावर उपाय आहे, पण त्यासाठी दिशा उलटी धरावी लागते. पूर्व आफ्रिकेतील मोठा पाऊस मार्च ते मे या काळात पडतो. म्हणून एप्रिलच्या अखेरीस नैरोबीहून निघणे गैरसोयीचे. त्याच सुमारास केप टाउनची हवा मात्र अजून सौम्य असते, हिवाळी पाऊस पुढे जूनपासून वाढतो. तेव्हा केप टाउनहून निघून उत्तरेकडे सरकत गेले, तर मे महिन्यात व्हिक्टोरिया धबधबा भरलेला मिळतो आणि जूनच्या अखेरीस नैरोबी गाठेपर्यंत तिकडचा पाऊस ओसरलेला असतो. आषाढ शुक्ल चतुर्दशीपूर्वी घरी परतता येते. मारा नदीवरचा तो प्रसिद्ध देखावा मात्र पाहायला मिळत नाही. मगरींच्या जबड्यांतून पार होणारी जनावरे पाहण्याची ओढ कितपत योग्य, याचा विचार करणाऱ्याला ही उणीव फारशी जाणवू नये.

सूर्य, पाणी आणि चूल

चौविहार पाळणाऱ्याने घड्याळावर विसंबू नये, सूर्यावर विसंबावे. मेमध्ये नामिबियाच्या वाळवंटात सूर्यास्त सहानंतर होतो. पण पूर्वेकडे सरकत मलावीत पोहोचले, की घड्याळ तेच राहते आणि जूनमध्ये साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. टांझानियाची सीमा ओलांडताच घड्याळ एक तास पुढे जाते आणि सूर्यास्त पुन्हा सहाच्या पलीकडे सरकतो. ही गफलत अनेकांना उपाशी झोपवते. नैरोबी विषुववृत्ताजवळ असल्याने तेथील सूर्यास्त वर्षभरात जेमतेम अर्ध्या तासाने मागेपुढे होतो. स्वाहिली भाषेत तर तास सूर्योदयापासूनच मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. प्रहर आणि घटिका जाणणाऱ्याला हे परके वाटणार नाही.

ट्रकचे सामूहिक जेवण बहुधा अंधार पडल्यावर तयार होते. म्हणून दुपारच्या मुक्कामातच संध्याकाळची सोय करून ठेवावी लागते. खाखरा, कोरडी चटणी, भाजलेले पीठ, मुगाचे पापड आणि सुकामेवा हा भार पाठीवर असावाच. पहाटे अंधारात निघणाऱ्या दिवशी नाश्ता सूर्योदयापूर्वीच वाढला जातो. नवकारशी पाळणाऱ्याने आपला वाटा डब्यात घ्यावा आणि सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे उलटल्यावर पहिल्या थांब्यावर उघडावा. पिण्याचे पाणी गाळून, उकळून थर्मासमध्ये भरण्यासाठी स्वतःचे गाळणे आणि लहान पातेले जवळ ठेवावे. ते पातेले वेगळेच राहील, हे स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे. पाचव्या दिवशी सांगितल्यास वाद होतो.

बाजारात उपाशी राहण्याची वेळ येत नाही. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, हिरव्या पाल्याची सुकुमा विकी, नारळाच्या दुधातला घेवडा आणि चपाती हे केनिया-टांझानियातील रोजचे अन्न. चपाती हा शब्दही तिथे तोच आहे. “सिली न्यामा” म्हणजे मी मांस खात नाही, “सिली मायाई” म्हणजे अंडी खात नाही, “बिला किटुंगू” म्हणजे कांद्याशिवाय. एवढे तीन शब्दप्रयोग पाठ असावेत.

वाटेवरचे धडे

नामिबियाच्या दक्षिणेस ल्युडेरिट्झजवळ १९०८ साली रेल्वेच्या रुळांवरील वाळू उपसणाऱ्या झकारियास लेवाला नावाच्या मजुराला हिरा सापडला. पाहता पाहता कोलमन्सकोप हे गाव उभे राहिले. वाळवंटात हॉस्पिटल, बर्फाचा कारखाना, करमणुकीचे सभागृह, सारे काही आले. हिरे संपत गेले, दक्षिणेकडे अधिक मोठे साठे मिळाले आणि १९५६ पर्यंत गाव ओस पडले. आज त्या बंगल्यांच्या खोल्यांत गुडघाभर वाळू आहे. दारे अर्धी उघडी, अर्धी गाडलेली. हिऱ्याच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या घरांतील मुलांनी वाट थोडी वाकडी करून हे गाव पाहावे. परिग्रहावरील प्रवचनापेक्षा ती वाळू अधिक बोलते.

बोत्स्वानामध्ये रस्त्यावर जागोजागी पशुवैद्यकीय कुंपणे लागतात. लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून प्रवाशांना जंतुनाशकात भिजवलेल्या चटईवर चपला घासाव्या लागतात आणि कच्चे मांस काढून घेतले जाते. ट्रकचा बर्फाचा डबा रिकामा होतो. खाखऱ्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही.

पुढे चोबे नदीकाठी हत्ती दिसतात. शेकड्यांनी, पिल्लांसह, पाण्यावर येणारे. जगात सर्वाधिक हत्ती असलेला देश बोत्स्वानाच. वणव्यातून वाचण्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेत, पायाखाली आलेल्या सशासाठी अडीच दिवस पाय उचलून धरणाऱ्या हत्तीची, मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा येथे मुलांना नव्याने सांगावीशी वाटते. एवढ्या प्रचंड देहाने पाय उचलून धरणे म्हणजे काय, हे तेथेच कळते.

लहान मुले बरोबर असतील तर लांछने शोधण्याचा खेळ मोठा रंगतो. अजितनाथांचा हत्ती, पुष्पदंतांची मगर, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा रेडा, शांतिनाथांचे हरीण, मुनिसुव्रतांचे कासव आणि महावीरांचा सिंह. आफ्रिकेचा गेंडा दोन शिंगांचा आणि रेडा रानटी, जाती वेगळ्या; पण सेरेंगेटीपर्यंत पोहोचता पोहोचता बहुतेक यादी पुरी होते. गोरोंगोरोच्या कड्यावरचा मुक्काम सुमारे २३०० मीटर उंचीवर, आणि ज्वालामुखीचे तळ त्याहून ६०० मीटर खाली. दिग्व्रतातील ऊर्ध्व आणि अधो या दिशा एका सकाळीच अनुभवाला येतात.

जयणेची मर्यादा

या प्रवासात हिंसा टळते, असे कोणी म्हणू नये. ट्रकच्या काचेवर किडे मरतात, चाकांखाली काय येते ते दिसत नाही, शेकोटीच्या लाकडात जीव असतात. जयणा म्हणजे जे टाळता येते ते टाळणे. तंबू ठोकण्यापूर्वी जमीन पाहावी, मुंगळ्यांची वाट सोडावी. लाकूड झटकून घ्यावे, शक्य तर गॅसवरच भागवावे. हिवतापाच्या प्रदेशात मच्छरदाणी आणि अंगभर कपडे हेच पहिले संरक्षण, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नयेत. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ती लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी. ज्याला सामूहिक चुलीचा शेजारच सोसणार नाही, त्याने सर्व शाकाहारी सोबती जमवून स्वतंत्र वाहन ठरवावे, अथवा हा प्रवास करू नये. न जाणे हाही व्रताचाच एक मार्ग आहे.

मार्गाच्या शेवटी

नैरोबीत ट्रक थांबतो, तेव्हा प्रवाशाला अनपेक्षित ओळख भेटते. गेल्या शतकाच्या आरंभी जामनगरजवळच्या हालारातील बावन्न गावांचे ओसवाल गलबतांतून मोंबासाला उतरले आणि रेल्वेच्या रुळांमागोमाग आत सरकत त्यांनी दुकाने मांडली. स्वाहिलीतील दुका, गारी, बिमा, हुंडी हे शब्द कानावर पडले, की व्यापाराची वाट किती जुनी आहे ते कळते. मोंबासात १९६३ साली उभारलेले देरासर भारताबाहेरील पहिल्या जैन मंदिरांत गणले जाते. नैरोबीतही देरासर आहे, भोजनशाळा आहे. ज्यांनी समुद्र ओलांडला, त्यांनी चूलही ओलांडून नेली.

दोन महिने पातेले वेगळे ठेवलेल्या प्रवाशाला त्या भोजनशाळेत पहिल्यांदा काही सांगावे लागत नाही. सूर्य मावळण्याआधी पाने मांडली जातात, पाणी उकळलेले असते. जेवण आटोपून तो बाहेर येतो, आजोबांना फोन लावतो आणि ठरवलेली हद्द कुठे कुठे गाठली, कुठे पाऊल मागे घेतले, याचा हिशेब देऊ लागतो.