जुन्या भाषा मोडीत गेल्या का?

संगणकाला काम सांगायचे तर त्याच्यासाठी बनवलेल्या भाषेत लिहून द्यावे लागते. अशा भाषा शेकड्यांनी आहेत आणि नव्या निघतच असतात. मग जुन्या मोडीत गेल्या का? मुळीच नाही.

'कोबॉल' ही भाषा घ्या. १९५९ साली अमेरिकेत तिची आखणी झाली. ग्रेस हॉपर या विदुषींच्या 'फ्लो-मॅटिक' भाषेचा तिला मोठा आधार होता. हिशेबनीसालाही वाचता यावी म्हणून तिच्यात साधे इंग्रजी शब्द ठेवले. मजुरी काढायची तर लिहायचे, 'मल्टिप्लाय अवर्स बाय रेट गिव्हिंग पे'. म्हणजे तासांना दराने गुणा, येईल ती मजुरी. आहे की नाही सोपे!

आता पैशाचे बघा. १ ला ३ ने भागले की ०.३३३ असे चालतच राहते ना? संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे आपल्या ०.१ चे त्याच्याकडे तसेच होते. न संपणारी रांग कुठेतरी तोडावी लागते. म्हणून पुष्कळ भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त येते. एकदा चालेल हो, पण लाखो खात्यांचा घोळ कोण निस्तरणार? कोबॉलमध्ये दशमान पद्धतीने पैशापर्यंत नेमके मोजता येते. नव्या भाषांतही ही सोय असते, पण ती आठवणीने वापरावी लागते.

शिवाय चालू बँकेची भाषा बदलायची म्हणजे माणसे घरात राहात असताना घराचे आढे बदलायचे!

एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेत लाखोंचा रोजगार गेला. न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्त्याचे इतके अर्ज आले की जुनी यंत्रणा तुंबली. घरी पैसे नाहीत आणि भत्ता अडकलेला! यंत्रणा कोबॉलमधली, आणि बरेच जाणकार निवृत्त झालेले. कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत, असे राज्यपाल फिल मर्फी यांना जाहीर सांगावे लागले. माझ्या मते यात भाषेपेक्षा दुर्लक्षाचा दोष जास्त.

'फोर्ट्रान' तर १९५७ ची, कोबॉलहून थोरली. तिची सुधारलेली आवृत्ती २०२३ मध्येही निघाली. हवामानाची प्रचंड गणिते आजही तिच्यात चालतात. रेडिओवर आपण पावसाचा अंदाज ऐकतो ना, त्यामागे हीच म्हातारी राबत असते.