चार बोटांची फट

नागापूरच्या आमच्या गल्लीत पहाटे पावणेपाचला तीन आवाज ठरलेले. मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर, दूधवाल्याच्या मोटारसायकलची फटफट आणि आमच्या सेफ्टी दाराचा खडखडाट. पहिल्या दोन आवाजांनी कुणाची झोप मोडत नाही. तिसरा आमच्या मांजरीचा, ठकीचा. दाराच्या खालच्या जाळीत पंजा अडकवून ती एकदा ओढते, थांबते, पुन्हा ओढते. मग आतल्या खोलीतून आवाज येतो, "उठा, तुमचं जनावर आलंय." दिवसभर ठकी दोघांची असते. पहाटेची ठकी मात्र माझी एकट्याची.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं पाळ्या केल्या. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायचो, तेव्हा मांजर पायरीवर बसलेलं असायचं आणि आम्ही दोघं बरोबरच आत जायचो. निवृत्त झालो आणि माझी पाळी सुटली, मांजराची मात्र चालू राहिली. त्यातूनच हा नाद लागला. कुठल्याही घरी गेलो की आधी मांजर कुठून येतं ते बघायचं, खिशातली टेप काढून ती जागा मोजायची आणि वहीत लिहायची. लग्नाची बैठक चालू असताना मी यजमानांच्या मोरीचं भोक मोजत होतो, हे आमच्याकडे अजून ऐकवलं जातं.

आधी पार्श्वभूमी उरकून टाकतो. आपलं पाळीव मांजर पश्चिम आशियातल्या रानमांजरांच्या वंशातलं. माणसानं धान्य साठवलं, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागं मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे, तो साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली काशाच्या मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. त्यात मांजर नाही, याची मला उगाच रुखरुख आहे. झाली पार्श्वभूमी.

आता मूळ अडचण. परदेशात मांजरासाठी दाराला खाली एक लहान झडप बसवतात. डोक्यानं ढकलली की उघडते, मागं आपोआप मिटते. हल्ली तर मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून फक्त त्याच मांजराला आत घेणारी झडपही मिळते. मी शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अशी झडप मागितली. मालकानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, मांजराला स्वतंत्र दार? मग उद्या घंटी पण मागेल." शेवटी त्यानं मला एक पितळी बिजागरी दिली आणि सुताराचा नंबर दिला. सुतार म्हणाला, फ्लश दाराला खाली भोक पाडलं तर पावसाळ्यात आतलं लाकूड फुगेल. तो विषय तिथंच संपला.

पण आपल्याकडे ही झडप कधीच का नव्हती, याचं उत्तर मला आजोळी मिळालं. ते पारनेर तालुक्यात. धाब्याचं घर, वर पांढऱ्या मातीचं माळवद. असं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: भिंती दीड-दोन हात जाड, खिडक्या जवळपास नाहीतच, म्हणून उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी छतालाच एक भोक ठेवलेलं असतं. त्याला म्हणायचं साणं. दुपारी त्यातून उन्हाचा एक कवडसा सारवलेल्या जमिनीवर उतरायचा आणि सरकत सरकत धान्याच्या बळदापर्यंत जायचा. पाऊस आला की कुणीतरी माळवदावर पळायचं आणि साण्यावर फरशी सरकवायची. ते काम आम्हा पोरांचं.

आणि हे साणं म्हणजेच मांजराचं दार. आजीची भाटी शेजारच्या माळवदावरून आमच्या माळवदावर यायची, कारण सगळी घरं एकमेकांना खेटून होती. साण्याच्या काठावर बसून ती आधी आत डोकावायची, तेव्हा कवडशाच्या मधोमध दोन कानांची सावली पडायची. मग धप्पकन बळदावर, तिथून उतरंडीच्या कडेनं खाली, आणि तीन उड्यांत चुलीपाशी. एवढा मार्ग झाला, पण उतरंडीतलं एक गाडगं कधी हललं नाही. घराला कुलूप असलं तरी मांजर आत असे. बळदात वर्षाची ज्वारी असायची, त्यामुळे मांजराला बाहेर कोंडणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आजी म्हणायची, "दारानं येतं ते पाहुणं, साण्यातून येतं ते घरचं." हीच मोकळीक अंगाशी येऊ नये म्हणून दुधातुपाला शिंकं होतं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं असं आपण म्हणतो, पण मुळात तो बोका घरात आला कुठून, हे म्हणीला सांगावं लागत नाही. तो येणारच होता.

पुढं मी बरीच जुनी घरं हिंडलो. कौलारू घरात वाट असते ती भिंत आणि कौलं यांच्या मधल्या सांदीतून. वाड्यांत मोरीतून, नाहीतर परसदाराच्या झिजलेल्या उंबरठ्याखालून. दोन ठिकाणी परसदाराच्या फळीला खालच्या कोपऱ्यात अर्धगोल खाच दिसली. एका घरातल्या आजीबाई म्हणाल्या उंदरानं कुरतडली, दुसऱ्या घरातल्या म्हणाल्या सासऱ्यांनी मांजरासाठी कापून घेतली. माझा कल अर्थात सासऱ्यांकडे.

मोठ्या दाराला लहान दार ठेवायची कल्पना आपल्याला नवी होती असंही नाही. वाड्याच्या, किल्ल्याच्या दरवाजातला दिंडी दरवाजा म्हणजे दुसरं काय? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या उजव्या फळीत तो आहे. मोठा दरवाजा बंद ठेवायचा आणि एकेका माणसाला वाकून आत घ्यायचं, म्हणजे फौज एकदम घुसत नाही. तत्त्व तेच: ओळखीच्याला वाट, बाकीच्यांना अडसर. आपल्या लोकांनी माणसासाठी झडप केली आणि मांजरासाठी अख्खं छप्पर उघडं ठेवलं. मला यात आपला उलटा खानदानीपणा दिसतो.

विलायतेत मात्र मांजराच्या दाराची कागदोपत्री नोंद आहे. इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथेड्रलमध्ये मोठं खगोलीय घड्याळ आहे आणि त्याच्या खालच्या लाकडी दाराला तळाशी गोल भोक आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, तिला उंदीर येत. १५९८ च्या हिशेबात सुताराला हे भोक पाडण्याबद्दल आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. त्याच्याही आधीच्या हिशेबांत मांजराच्या नावानं तिमाहीला तेरा पेन्स पडलेले दिसतात, म्हणजे आठवड्याला एक पेनी. मांजर पगारी होतं! आमच्या आजीच्या भाटीला पगार नव्हता, पण पहिल्या धारेचं दूध होतं. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या एका गोष्टीत नोकर बंद खोलीत डोकावतो तो मांजराच्या भोकातूनच. न्यूटननं मांजरीसाठी मोठं आणि पिल्लांसाठी लहान भोक पाडलं, ही शाळेत ऐकलेली गोष्ट मात्र सोडून द्या. त्याच्या मदतनिसानंच लिहून ठेवलंय की त्याच्या खोलीत ना कुत्रं होतं ना मांजर. स्वित्झर्लंडमध्ये, विशेषतः बर्न शहरात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपासून जमिनीपर्यंत मांजरांसाठी शिड्या लावलेल्या असतात. त्यांच्या छायाचित्रांचं एक पुस्तकच २०१९ साली निघालं. त्या शिड्या पाहून मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

आता नागापूरकडे येतो. स्लॅबच्या घराला साणं नसतं. दाराखाली फट नसते, असली तर झुरळांसाठी रबराची पट्टी मारलेली असते. खिडकी सरकत्या काचेची, तिला डासांची जाळी, बाहेरून ग्रिल. घर इतकं बंदिस्त झालं की मांजराच्या वाटेचं काम शेवटी माणसाच्या अंगावर पडलं. झडप म्हणजे मी.

त्यावर केलेले उपाय सांगतो, ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावेत. सर्वात चांगली सरकती खिडकी. ती चार बोटं उघडी ठेवायची आणि काच आणखी सरकू नये म्हणून खालच्या पट्टीत लाकडी ठोकळा बसवायचा. चार बोटं म्हणजे माझ्या हाताची, साधारण तीन इंच. लोकांना खोटं वाटतं, पण सडपातळ मांजर एवढ्यातून जातं. त्याच्या गळ्याची हाडं माणसासारखी सांध्यात पक्की जोडलेली नसतात, ती स्नायूंत नुसती तरंगत असतात. त्यामुळे खांदे एकामागून एक आत ओढता येतात. अडते ती फक्त कवटी. डोकं गेलं की मांजर गेलं. मिशा त्याची मोजपट्टी, प्रत्येक बाजूला साधारण बारा, चार ओळींत. ठकी आधी मिशा लावते, क्षणभर थांबते आणि मग डोकं घालते. शेजारच्या काकूंचा बोका मात्र सहा किलोचा. तो मिशा लावतो, डोकं घालतो आणि पोटाशी अडकतो, कारण मिशा पोटाबरोबर वाढत नाहीत. त्याच्यासाठी पाच-सहा इंच तरी हवेत.

दुसरा उपाय बाथरूमच्या व्हेंटिलेटरचा. त्यातल्या आडव्या काचपट्ट्यांपैकी खालच्या दोन काढायच्या आणि आत-बाहेर एकेक फळी ठोकायची. तिसरा जाळीचा: डासांची जाळी तीन बाजूंनी कापून वरच्या बाजूनं लोंबती ठेवायची आणि खाली वजनाला नाड्यात ओवलेले नटबोल्ट. ही माझी कल्पना आणि तिचा मला अभिमान आहे. दोन महिने उत्तम चालली. तिसऱ्या महिन्यात एका रात्री खुडबुड झाली, दिवा लावला तर ओट्यावर परका बोका बसलेला आणि ठकी कपाटावर. पावसाळ्यात त्याच वाटेनं घूसही आली. आपल्या वसाहतीच्या एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला रिकामे प्लॉट आणि गवत. नाग-घोणस इथं नवलाचे नाहीत. उघडी फट पाटी वाचून पाहुणे घेत नाही. जाळी मी शिवून टाकली.

रात्री मांजर आतच ठेवावं, या मतावर मी हळूहळू आलो (ठकी अजून आलेली नाही), आणि या मताला एक नगरी कारणही आहे. अकोले तालुक्यात उसात राहणाऱ्या बिबट्यांचा डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. बिबटे खातात काय, हे त्यांनी विष्ठेवरून काढलं. वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के पाळीव-भटकी कुत्री, आणि दुसऱ्या नंबरावर मांजरं, १५ टक्के. शेळ्या-मेंढ्या त्याच्या खाली. हे वाचलं त्या रात्री मी ठकीला दोनदा हाका मारल्या. रेबीजची लस आणि नसबंदी, हे बाहेर हिंडणाऱ्या मांजराला हवंच. त्यावर वाद घालू नये.

मग रात्री घरी बोलवायचं कसं? ताटली. संध्याकाळी सातलाच जेवण द्यायचं, त्याआधी ताटलीवर चमचा तीनदा वाजवायचा, आणि दुपारी काही द्यायचं नाही. पंधरा दिवसांत मांजराला भोंगा कळतो. बाहेर जायला आतून दाराच्या मुठीला घुंगरू बांधून पाहिलं. ठकी दोन दिवसांत शिकली आणि तिसऱ्या दिवसापासून करमणूक म्हणून वाजवू लागली. घुंगरू काढलं.

बरं, एवढा आटापिटा करून दार उघडलं तर हे जनावर उंबरठ्यावर बसून राहतं. आत नाही, बाहेर नाही. हा नखरा नाही, एवढं मी आता ठामपणे सांगतो. मांजर हद्दीवर राहणारं जनावर आहे. कुणाचा वास आला, कोण येऊन गेलं, ही रोजची गस्त. सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून पाहिलं, तर बहुतेक घरापासून शंभर मीटरच्या आतच फिरत होती. म्हणजे लांब जायची हौस नाही. हवी असते ती वाट उघडी असल्याची खात्री. बंद दार आणि झोपलेला मालक, हे दोन्ही त्याला सारखेच असह्य.

या बाबतीत आपल्या गावाचा पूर्वज मी मौलाना आझादांना मानतो. १९४२ ते ४५ ते नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथं लिहिलेल्या पत्रांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात खोलीतल्या चिमण्यांचा मोठा किस्सा आहे. छतात घरटी, खाली कचरा. मौलानांनी छत्री घेऊन चिमण्यांवर चढाई केली. चिमण्या गेल्या आणि परत आल्या. अखेर मौलानांनी तह केला आणि दाणे टाकू लागले. स्वतःलाच बाहेर जायची वाट नसलेला माणूस पाखरांच्या येण्या-जाण्यावर पानंच्या पानं लिहितो. किल्ल्यात ती खोली पाहायला मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा रखवालदारानं विचारलं, "काका, इथं काय मोजताय?"

गेल्या लक्ष्मीपूजनाला आमचं दार रिवाजाप्रमाणे सताड उघडं होतं. रांगोळी, पणत्या, सेफ्टी दारही मागं लोटलेलं. पहिला बॉम्ब फुटला आणि ठकी पलंगाखाली गेली ती गेलीच. ताटली वाजवली, सुकट ठेवली, काही नाही. रात्री दोनला गल्ली शांत झाली. दारं लावून मी नुकता आडवा झालो होतो, तेवढ्यात खडखडाट, या वेळी आतून. उठलो, उघडलं. ती उंबरठ्यावर आली, एक पंजा पायरीवर ठेवला, फटाक्यांच्या दारूचा वास हुंगला आणि मागं फिरली. मी दार लावलं. दिवा मालवून पाठ टेकतोय, तोच पुन्हा खडखड.

"उठा," आतून आवाज आला.