इंजिन बदलले, पण धुराचे काय?

पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीचे इंजिन बसले, की मालकापुढे दोनच वाटा उरतात. गाडी भंगारात द्यायची किंवा दुसरे इंजिन टाकायचे. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी... कुठेही जा, नवी गाडी घेणे प्रत्येकाला परवडत नाही. बॉडी धड असते, टायर नवे असतात. मग मिस्त्री सुचवतो, ‘जुने इंजिन मिळते, टाकून देऊ.’ दोन-चार दिवसांत गाडी सुरू होते. पण सुरू झालेली गाडी पासिंगला आणि पीयूसीला टिकेलच असे नाही. आणि पीयूसीचा कागद मिळाला, म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असेही नाही. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या, तर पैसा वाचतो आणि फुप्फुसेही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने गाडीचा जो मूळ तपशील दिला आहे आणि जो आरसी बुकात नोंदला आहे, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. याचा सरळ अर्थ असा, की इंजिन बदलायचे तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे घ्यावे. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा. बदल झाल्यावर तो कळवण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे.

इंधनच बदलायचे असेल, म्हणजे पेट्रोलवरून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जायचे असेल, तर कायदा त्याला वाट ठेवतो. मात्र किट मान्यताप्राप्त हवे. अशा किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्था करतात. परवानगी नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला, तर आरसीवर नसलेला इंजिन नंबर विम्याच्या दाव्यातही आडवा येतो.

एकेकाळी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकण्याची चाल महाराष्ट्रभर होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींतही अनेकांनी स्वस्त डिझेलसाठी हाच उपाय केला. पुढे धुराविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. सीएनजी पेटवायला ठिणगी लागते, डिझेल इंजिनात मात्र स्पार्क प्लगच नसतो. त्यामुळे डिझेलची वाट धरलेल्यांना सीएनजीचे साधे किट बसवून सुटका नव्हती. वाचवलेला पैसा असा दुसऱ्या दाराने जातो.

परीक्षा गाडीच्या जन्मसालाची

पीयूसी केंद्रावर सर्व गाड्यांना एकच मर्यादा नसते. ती गाडी कोणत्या मानकाची आहे, यावर ठरते. देशभरात भारत स्टेज २ हे मानक २००५ मध्ये, स्टेज ३ हे २०१० मध्ये, स्टेज ४ हे एप्रिल २०१७ मध्ये आणि स्टेज ६ हे एप्रिल २०२० मध्ये लागू झाले. मोठ्या शहरांत काही टप्पे त्याआधीच आले होते.

पेट्रोलची चारचाकी जागेवर चालू ठेवून तपासतात, तेव्हा स्टेज २ च्या आधीच्या गाडीला धुरात ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. स्टेज २ आणि ३ च्या गाडीला ०.५ टक्के, तर स्टेज ४ आणि त्यापुढच्या गाडीला फक्त ०.३ टक्के. म्हणजे मर्यादा दहापट कडक झाली. डिझेलच्या गाडीत धुराचा काळेपणा मोजतात. स्टेज ४ च्या आधी ६५ आणि त्यानंतर ५० ही मर्यादा आहे.

इथेच गडबड होते. २०१८ च्या गाडीत २००७ चे इंजिन बसवले, तरी परीक्षा २०१८ चीच राहते. इंजिनाचे वय पाहून सूट मिळत नाही.

इंजिन एकटे येत नाही

माणसाचे हृदय बदलले, तरी रक्तवाहिन्या आणि नसा जोडाव्याच लागतात. गाडीचेही तसेच आहे. इंजिनात इंधन जळते, पण धूर स्वच्छ करण्याचे काम सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. त्यातील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे तो कार्बन डायऑक्साइड करतो, अर्धवट जळलेले इंधन जाळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड मोडतो. मात्र त्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण राखावे लागते. ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत पाहतो आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक त्यानुसार इंधन कमी-जास्त करतो.

जुने इंजिन टाकताना सेन्सरची वायर तुटलेली राहिली, ईसीयू दुसऱ्याच मॉडेलचा लागला किंवा किमती धातूंमुळे जाळी आधीच कुणी काढून विकली असली, तर गाडी धावते; पण धूर साफ होत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, तर चांगला कन्व्हर्टरही काही महिन्यांत निकामी होतो. शिवाय कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच नीट काम करतो. म्हणून पीयूसीला जाताना गाडी आधी वीसेक मिनिटे चालवलेली असावी.

पीयूसीला न दिसणारे

पीयूसीची चाचणी उपयोगाची आहे, पण ती सर्व काही मोजत नाही. नायट्रोजनची ऑक्साइड आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण या नेहमीच्या तपासणीत येत नाहीत. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. ते नाकात अडत नाहीत. फुप्फुसांच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. दमा आणि सीओपीडी बळावणे, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर जात नाही, तेव्हा त्रास वाढतो.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हा धूर घेतो तो मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोरगा. नवे बसवलेले इंजिन तासन्तास चालू ठेवून ‘सेट’ केले जाते, तेही अनेकदा शटर अर्धे ओढून. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. अनेकांना वाटते, ऊन लागले किंवा पित्त झाले. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. ते ९८ दाखवते आणि माणूस गुदमरत असतो. कारण साध्या ऑक्सिमीटरला या दोन वायूंतला फरक कळत नाही. अशा वेळी इंजिन बंद करून माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा आणि दवाखान्यात ‘बंद जागेत गाडी चालू होती’ हे आवर्जून सांगावे. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. तो जितका लवकर, तितका बरा.

इंजिन टाकण्यापूर्वी

- आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग इंजिनाचे पैसे द्यावेत.
- इंजिनाचे पक्के बिल आणि मूळ गाडीचा तपशील घ्यावा. नंबर खोडलेले इंजिन घेऊ नये. ते चोरीचे असू शकते.
- ईसीयू, ऑक्सिजन सेन्सर, वायरिंग आणि कन्व्हर्टर जुळतात का, हे मिस्त्रीकडून आधीच ठरवून घ्यावे. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा ‘काढून टाकतो’ म्हणणाऱ्याला थांबवावे.
- काम झाल्यावर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते, गाडी तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत शिरते.
- आरसीवर नवा नंबर चढवावा, विमा कंपनीला कळवावे आणि पीयूसी नव्याने काढावी.
- गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचे, तर शटर पूर्ण उघडे हवे. त्याहून चांगले, गाडी बाहेर काढावी.

हा सगळा खर्च धरूनही इंजिन बदलणे परवडत असेल, तर जरूर बदलावे. कन्व्हर्टर आणि सेन्सर वगळूनच हिशेब जुळत असेल, तर ती बचत नव्हे. ते बिल गाडीमागून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या नावावर जाते.