‘किंवा’ दिसलं की बेरीज? जरा थांबा!

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात कधी रक्त दिलं असेल, तर पाकिटातलं डोनर कार्ड काढा. त्यावर रक्तगट एकच असणार: ए, बी, एबी किंवा ओ. एकाच माणसाचा गट ए पण आणि बी पण, असं होत नाही. पुस्तकात ज्यांना ‘परस्पर अपवर्जी घटना’ म्हणतात आणि क्लासमध्ये ‘म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह’, त्या ह्याच. एक घडली की दुसरीला जागाच नाही.

समजा, शिबिरात १०० जण आले. ए गटाचे २५, बी गटाचे ३२, एबीचे ८ आणि ओचे ३५. त्यातला कुणीही एक निवडला, तर तो ए किंवा बी गटाचा असण्याची शक्यता किती? २५ अधिक ३२, म्हणजे १०० पैकी ५७. सरळ बेरीज, विषय संपला.

आता प्रश्न थोडा फिरवू. रक्तपेशींवर ए किंवा बी अँटीजेन असण्याची शक्यता किती? ए अँटीजेन ए गटात असतो आणि एबी गटातही, म्हणजे ३३ जण. तसेच बी अँटीजेनचे ४०. बेरीज ७३. पण ओ गट वगळला तर शिबिरात माणसंच ६५! वरचे ८ कुठून आले? एबीवाले दोनदा मोजले गेले. ते एकदा वजा केले की हिशोब जुळतो. म्हणजे गट अपवर्जी आहेत, अँटीजेन नाहीत. अक्षरं मात्र तीच.

मग पेपरात ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा: दोन्ही घटनांत बसेल अशी एक तरी निष्पत्ती आहे का? फासा टाकला. सम संख्या: २, ४, ६. मूळ संख्या: २, ३, ५. दोन्हीकडे २ आहे, म्हणजे अपवर्जी नाहीत. नुसती बेरीज केली तर ३/६ अधिक ३/६, उत्तर १ येतं. म्हणजे सम किंवा मूळ संख्या येणारच, अशी खात्री! आणि फाशावर १ पडला तर? खरं उत्तर ५/६.

‘अपवर्जी’ आणि ‘स्वतंत्र’ यांतही गल्लत करू नका. दोन नाणी उडवली तर एकाचा छापा दुसऱ्याला काहीच सांगत नाही. त्या घटना स्वतंत्र. पण कार्डावर ‘ए’ वाचलं की ‘बी’ नाही हे लगेच कळतं. एकीवरून दुसरीचा पत्ता लागत असेल, तर त्या स्वतंत्र कसल्या?

आणखी एक सापळा: ‘आजवर पाहिलं नाही’ म्हणजे ‘शक्यच नाही’ असं नव्हे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात रक्तगट मांडले, तेव्हा ते तीनच होते. दोन्ही अँटीजेन असलेला एबी गट त्यात नव्हता. तो १९०२ मध्ये डिकॅस्टेलो आणि स्टुर्ली यांनी दाखवला. तोवरची यादी पाहून कुणालाही वाटलं असतं, की ए आणि बी एकत्र येतच नाहीत.

आपल्या मुंबईचा धडा तर त्याहून मोठा. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे एक वेगळाच गट नोंदवला, जगभर ओळखला जाणारा ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. नेहमीच्या ए-बी तपासणीत हे रक्त ओ सारखंच दिसतं. पण त्यात एच अँटीजेन नसतो आणि ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो. त्यामुळे अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. ‘तपासणीत ओ दिसणं’ आणि ‘बॉम्बे गट असणं’ या गोष्टी अपवर्जी नाहीत, हे लक्षात ठेवावंच लागतं. म्हणूनच रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात.

तेव्हा पुढच्या वेळी ‘किंवा’ दिसला की हात लगेच बेरजेकडे नेऊ नका. आधी मधला ‘एबी’ शोधा. तो सापडला नाही, तरच बिनधास्त बेरीज!