हुडकेश्वरचं टाकं

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या एखाद्या लेआउटात नवं घर उभं राहायला लागलं की पिलरच्याही आधी टाक्याचा खड्डा दिसतो. बांधकामालाच आधी पाणी लागतं ना! 30 बाय 50 चा प्लॉट, मागे सेप्टिक टँक, पुढे पोर्चखाली टाकं. गडर लाइन पोचलेली नसेल तिथे हे दोन खड्डे एकमेकांपासून जितके लांब तितके बरे, आणि टाकं चढाच्या बाजूला.

नागपूर म्हणजे राजस्थान नव्हे. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांतच उरकतो, आणि मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. 2019 च्या जुलैत पेंचचं तोतलाडोह धरण आटलं, तेव्हा शहराला दिवसाआड पाणी मिळालं. त्या दिवसांत ज्याच्या पोर्चखाली टाकं, तो निवांत.

इथेच मी ज्याचं बांधकाम पाहत होतो ते टाकं आतून 8 बाय 6 फूट, खोली 5 फूट. वरचा अर्धा फूट मोकळा सोडला तर साधारण 6,000 लिटर पाणी मावतं. शहरी पुरवठ्याच्या मापदंडाप्रमाणे माणशी 135 लिटर धरलं तर पाच जणांना नऊ दिवस पुरतं. माणशी 40 वर भागवलं तर महिना निघतो.

खणताना वर काळी माती, खाली मुरूम लागला. ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन्ही वेळा भिंतीला त्रास देते. म्हणून नुसत्या विटांचं टाकं बांधून पैसे वाचवू पाहणाऱ्याचं मला नवल वाटतं. इथे मिस्त्रीने खाली-वर, चारी बाजूंनी सळाख बांधून 6 इंची काँक्रीट घेतलं होतं. “रिकामं टाकं फुटत नाही जी, तरंगते,” तो म्हणाला. मला पटेना, म्हणून हिशेब केला. टाकं बाहेरून 9 बाय 7 बाय 6 फूट. भोवतीचं पाणी जमिनीपर्यंत चढलं तर उचलणारा जोर साडेदहा टनांच्या वर, आणि काँक्रीटचं वजन जेमतेम दहा टन. मिस्त्री बरोबर होता. पावसाळ्यात टाकं पूर्ण उपसून ठेवू नये, ते यासाठी.

मग तळ आणि भिंत मिळते तिथे गोलाई, आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर, वर निरू, आणि रोजची तराई. झाकणाची चौकट जमिनीपेक्षा उंच हवी, नाहीतर अंगण धुतलेलं पाणी थेट प्यायच्या पाण्यात. झाकण सैल असलं तर एडिस डास घुसतो. त्याला स्वच्छ पाणीच आवडतं आणि आठवडाभरात अंड्याचा डास होतो. टँकरचं पाणी घेतलं की हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवायची, वरचं निवळ पाणी तेवढं टाक्यात सोडायचं आणि तासाभराने पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायला ओटी टेस्ट घ्यायची. बहुतेक घरांत हे कोणी करत नाही.

सगळ्यांत धोक्याचं काम मात्र शेवटी येतं, आणि त्याकडेच लक्ष नसतं. स्लॅब पडला की आतलं सेंट्रिंग अनेक दिवस बंद टाक्यात राहतं. ओल्या फळ्या कुजतात, आतला प्राणवायू संपत जातो. त्या हवेला वास नसतो, रंग नसतो. पहिला मजूर उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. नव्या टाक्यांमध्ये माणसं मेल्याच्या बातम्या अशाच असतात.

घर बांधत असाल तर मिस्त्रीला एवढं नक्की सांगा: झाकण आदल्या दिवशीच उघडायचं, पंखा लावून आत वारा खेळवायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. एखादा आत पडलाच तर त्याच्यामागे कोणी उतरायचं नाही, वरूनच दोराने ओढायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.