परसातून पानात (लेखांक ७) : बाजारात न टिकणारी भाजी

परसबागेवर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे मेथीची जुडी सहज मिळत असताना कुंड्या, माती, शेणखत आणि रोजचं पाणी हा उपद्‌व्याप करायचा कशाला? कांदे, बटाटे, कोबी यांच्यापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. कोबीचा एक गड्डा भरायला दोन-तीन महिने जागा अडून राहते आणि शेवटी हाती येतो तो चारचौघांसारखाच कोबी. मातीची तयारी आपण मागच्या लेखात पाहिली. आता काय लावायचं हे ठरवताना एकच कसोटी लावून पाहू. जी भाजी प्रवासात टिकते ती खुशाल बाजारातून आणावी, जी टिकत नाही तिला परसात जागा द्यावी. ही कसोटी मानली, की पैशांच्या आक्षेपाला वेगळं उत्तर शोधावं लागत नाही, कारण बाजारात न मिळणाऱ्या वस्तूची बाजारभावाशी तुलनाच होत नाही.

तोडलेलं पान लगेच मरत नाही. त्याचं श्वसन चालूच राहतं, साठलेली साखर खर्ची पडते, पाणी उडून जातं आणि क जीवनसत्त्व घटत जातं. पातळ पानांच्या भाज्यांत हे सगळं फार झपाट्याने होतं. हिरव्या मटाराची गोडी शेंग तोडल्यापासूनच उतरू लागते, कारण दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होतं. शेतातून घाऊक बाजारात, तिथून टेम्पोत आणि मग हातगाडीवर, या साखळीत निभाव लागेल तेच विकायला येतं. लाल भोपळ्याची फुलं घ्या. ती पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटून मलूल होतात. त्यांना गाडीत घालून नेणार कोण? परसात मात्र सकाळी वेलाजवळ गेलं की काम होतं. लांब, सडपातळ देठावरचं फूल नर, आणि ज्याच्या बुडाशी चिमुकला भोपळा दिसतो ते मादी. परागीभवनापुरती थोडी नर फुलं ठेवून बाकीची खुडली तरी फळं कमी होत नाहीत. मधला केसर काढून, बेसनात बुडवून तळलं, की नाश्त्याला भजी तयार.

बाजार आणखी एका बाबतीत हात आखडता घेतो. झाडाची एखादीच अवस्था तो विकतो. मुळा म्हणजे पांढरा कंद, फार तर त्यासोबतचा पाला. तोच मुळा जमिनीत राहू दिला तर त्याला तुरा येतो, फुलं येतात आणि मग कोवळ्या, झणकदार शेंगा धरतात. या डिंगऱ्यांची परतून केलेली भाजी भाकरीबरोबर झकास लागते, पण बाजारात ती क्वचितच दिसते. कोथिंबीर फुलावर आली की आपण ती वाया गेली म्हणतो. खरं तर तिचे हिरवे धणे चटणीत वाटले तर पानांपेक्षा वेगळाच, लिंबाच्या अंगाने जाणारा वास येतो. शेवग्याच्या शेंगा सगळीकडे मिळतात, कोवळा पाला मात्र ज्याच्या दारी झाड त्यालाच. बियाण्यांचंही तेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे आणि कितीतरी भाज्यांची देशी वाणं जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या वाणांना मंडईत जागा उरली नव्हती त्यांचा सांभाळ घराजवळच्या जमिनीत झाला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो तो प्रमाणाचा. चार कुंड्यांतून मूठभर पाला निघणार, त्यात चार माणसांचं कसं भागायचं? पालेभाजी नुसतीच परतून वाढायची असेल तर भागणार नाहीच; भरलेली कढई आळून वाटीभर होते. पण मराठी स्वयंपाकाने या अडचणीवर कधीच तोड काढली आहे. पातळ भाजीत पाल्याला हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि ताकाची किंवा चिंचेची साथ असते. मूठभर मेथी थालीपीठात, चुका वरणात, मायाळूची पानं भज्यांत जिरतात. अळूची पाच-सहा मोठी पानं बेसन लावून एकावर एक रचली, वळकटी करून उकडली आणि चिरून तळली की घरभर पुरेल इतक्या वड्या होतात. कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून पिठात चिंच-गूळ हवा आणि उकडण्यात कसूर नको.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. वांगी-टोमॅटोला दिवसाकाठी सहा तासांचं ऊन लागतं, आणि ते प्रत्येक गॅलरीला लाभत नाही. पण आपली कसोटी इथेही उपयोगी पडते, कारण न टिकणाऱ्या भाज्या बहुतेक पानांच्याच असतात आणि पानांचं तीन-चार तासांच्या उन्हावरही बऱ्यापैकी चालतं. माठ आणि मेथी महिन्याभरात खुडायला येतात, मायाळू खिडकीच्या जाळीवर चढतो. सगळं बी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरलं तर एक दिवस सुकाळ आणि मग पंधरा दिवस दुष्काळ, असं होत नाही. पाणी तांदूळ-भाज्या धुतलेलं चालेल, साबणाचं मात्र खाण्याच्या पाल्याला नको. ज्यांच्या गॅलरीत ऊन येतच नाही त्यांनी हट्ट न धरलेला बरा. इतरांनी कुंडी भरण्याआधी मंडईत एक फेरी मारावी आणि तिथे काय दिसत नाही याची यादी करावी. लागवडीची यादी तीच. त्यातलं बी कुठून मिळवायचं आणि कसं साठवायचं, ते पुढच्या आठवड्यात.